अंड्याला तीन शिट्ट्या

शाळेतल्या माझ्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन जबडे आहेत, एक बोकडाचा आणि एक कुत्र्याचा. उमरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते, आणि प्राण्यांच्या आहाराचा धडा आला की हा डबा वर्गात येतो. बोकडाच्या दाढांवरून पोरांना बोट फिरवायला लावायचं. बघा, कशा रुंद आणि खडबडीत, पाला दळायला. वरच्या बाजूला पुढचे दात नाहीतच. मग कुत्र्याचा सुळा, फाडायला. मग गाईचं चार कप्प्यांचं पोट आणि लांबच लांब आतडं, मांजराचं आखूड आतडं. पोरं स्वतःच्या तोंडात बोटं घालून सुळे चाचपतात आणि कुणीतरी विचारतंच, "म्याडम, मग माणूस?"

"मिश्राहारी," मी सांगायचे आणि पदरचं जोडायचे, "पण आपण ठरवलं तर पाल्यावर राहू शकतो." हे 'आपण' म्हणजे आमचं घर. आम्ही लिंगायत. माझं माहेर लातूर जिल्ह्यात औशाकडचं आणि सासर उमरीचं. दोन्ही घरांत अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पदरची सांगायचे. पाला खाणारी जनावरं शांत असतात, कळपानं राहतात, एकमेकांना धरून खातात. मांस खाणारी एकेकटी. एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "म्याडम, आमचा गोऱ्हा कुठं शांत हाय? बापाला रोज ढुशी मारून राहिलाय." वर्ग हसला, मीही हसले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच शिकवलं.

मला क्षयरोग झाला तेव्हा हा धडा माझ्यावरच उलटला. ज्यांना नुकतंच निदान झालंय आणि जे आत्ता एखाद्या खोलीत एकटे बसून मोबाईल चाळतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं मी सांगणार नाही, ते डॉक्टर सांगतील. जेवणाचं सांगते.

लातूर

खोकला गणपतीपासून होता. खडूची धूळ, म्हणून मी सोडून दिलं. दिवाळीनंतर माझी मुलगी ऋतुजा हिला रजई आणि फराळ द्यायला लातूरला गेले. ती तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आहे, मुलींच्या हॉस्टेलवर राहते. तिच्या खोलीत बसून शंकरपाळ्यांचा डबा उघडला, खोकल्याची उबळ आली आणि रुमालाला लाल लागलं. ते ऋतुजानं माझ्या आधी पाहिलं.

"मम्मी, ऊठ. दवाखान्यात चल."

"अगं, घसा फुटला असंल."

"ऊठ म्हणले ना!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. छातीचा फोटो दिव्यासमोर धरून त्यांनी सरळ सांगितलं, "टीबी आहे. बरा होतो. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत." मी वर्गात हा रोग कितीतरी वेळा शिकवलेला. कशानं होतो, कसा पसरतो, फळ्यावर नीट मुद्दे लिहून. तरी पहिला प्रश्न तोंडातून आला तो असा: "माझ्या मुलीच्या खोलीत मी दोन तास बसले होते, तिला झाला असंल का?"

तिला झाला नव्हता. तिची तपासणी स्वच्छ निघाली. त्या दिवसाची ही एक मेहेरबानी मी अजून जपून ठेवली आहे.

छातीत पाणी झालं होतं म्हणून नऊ दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला ताप बघायचा, सातला उपाशीपोटी गोळ्या, आठला उपम्याची गाडी दाराबाहेरच थांबायची आणि मावशी ताटली स्टुलावर ठेवून मागं सरकायच्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून बेल वाजवली. नर्स म्हणाली, "गोळ्यांचा रंग हाय तो, बाई. भिऊ नका." ऋतुजाला वर सोडत नव्हते. ती क्लास सुटला की खाली गाड्या लावायच्या जागेत उभी राहायची, मी खिडकीत. फोनवर बोलायचो आणि एकमेकींकडे बघायचो. ती विचारायची, "जेवलीस का?" मी रोज हो म्हणायचे. खरं तर अन्नाचा वास आला की मी ताटली झाकून ठेवायचे. वजनाच्या काट्यावर मी अडतीस किलो भरले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाळ, शेंगदाणे, दूध, सगळं चालतं. पण तुमच्या पोटात अर्धी भाकर जात नाही. थोडक्यात जास्त ताकद पाहिजे. अंडी खाणार का?"

मी माझ्या यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणजे काशिनाथ, पण इथंही मी त्यांना 'हे' म्हणणार. उमरीत यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"खाईन," मी म्हणाले. ऋतुजाची बारावी व्हायची होती. मला जगायचं होतं.

माडी

अहमदपूर, लोहा, नांदेड, मुदखेड. गाडीच्या सगळ्या काचा खाली करून आम्ही उमरीला आलो. माडीवरची खोली झाडून ठेवली होती. तिथं आधी बँकेतला एक भाडेकरू राहायचा. माझं ताट, तांब्या, वाटी वर गेली. ताटाला सासूबाईंनी लाल धागा बांधला होता.

सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. वय शहात्तर, निलंग्याकडच्या शेतकऱ्याची लेक. गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. अव्वा वाईट नाहीत. जिन्याच्या पाचव्या पायरीवर ताट ठेवायच्या, वरती हाक मारायच्या, "विमल, गरम हाय तवर खा," आणि खाली उतरायच्या. मग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा, यांचा आवाज यायचा, वाढ, पुरे, आणखी एक घे. मी वर भिंतीकडे तोंड करून खायचे.

माहेरी आजारी गाय लिंबाखाली वेगळी बांधायचे. पेंड तीच, पाणी तेच. तरी ती खायची नाही, गोठ्याकडे मान करून हंबरायची. मी हे लहानपणी पाहिलेलं आणि वर्गातही सांगितलेलं. गाईला काय होत असेल ते माडीवर कळलं.

यांनी अंडी आणली, पण उमरीत नाही. उमरीतला प्रत्येक दुकानदार यांना ओळखतो. हे पॅसेंजरनं मुदखेडला गेले, तिथून सहा अंडी घेतली, नटबोल्टच्या खोक्यात भुसा घालून त्यात ठेवली आणि दुकानाचा माल आणल्यासारखं खोकं खांद्यावर घेऊन माडीवर आले. एक फुटलं होतं.

"आता?" हे म्हणाले.

"उकडायचं."

"किती?"

आता हे कबूल करायला लाज वाटते. अंड्याचे भाग मी डोळे मिटून फळ्यावर काढते. कवच, पांढरा बलक, पिवळा बलक, हवेची पोकळी. पण अंडं किती वेळ उकडतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. भाडेकरूचा एक जुना छोटा कुकर खोलीत पडून होता. त्यात तीन अंडी घातली. डाळीला तीन शिट्ट्या लागतात, म्हणून अंड्यालाही तीन शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर तिन्हीच्या तिन्ही तडकलेली, पाण्यात पांढरे पुंजके, आणि वास असा की हे दार उघडून गच्चीत गेले. खालून अव्वांचा आवाज आला, "काय जळून राहिलंय गं वर?"

मी एक अंडं सोललं आणि मीठ लावून तोंडात घातलं. रबर चावतोय असं वाटलं. सगळं उलटून पडलं. यांनी कवचं पिशवीत भरली आणि स्टेशनच्या पलीकडे टाकून आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. आता अंडंही जात नाही, भाकरीही जात नाही, मग मी वाचायची कशी?

शोभा मॅडम

अंडं उकडायचं कुणाला विचारावं? माझ्या फोनमध्ये दोनशेवर नंबर असतील. अंडं खाणारं माणूस, ज्याला हे विचारता येईल, असं एकच निघालं. शोभा मॅडम. आमच्या शाळेत मराठी शिकवतात.

"काय?" त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या, खूप वेळ. "शिट्ट्या? मॅडम, डाळ हाय का ती? उघड्या भांड्यात, पाण्याला उकळी आली की धा मिनिटं. मग गार पाण्यात टाका."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या घरीच आल्या. तोंडाला मास्क. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की औषध चालू आहे, उघड्यावर लांब बसून बोलायला हरकत नाही. मी गच्चीच्या टोकाला बसले, त्या जिन्याच्या दारात. तिथून त्या मला सांगत होत्या आणि मी शेगडीवर अंडं उकडत होते. दहा मिनिटांनी सोललं तर गुळगुळीत निघालं.

"मिरपूड लावा. नाक दाबून खाऊ नका, वास घ्या. एकदा वास ओळखीचा झाला की पोट ऐकतंय."

अर्धं खाल्लं, आणि राहिलं. मग शोभा मॅडमनी पिशवीतून आपला डबा काढला. "मला बी भूक लागली. खाऊ का हितंच?" मास्क हनुवटीवर ओढला आणि जेवायला लागल्या. तीन आठवड्यांत माझ्यासमोर बसून जेवलेलं ते पहिलं माणूस. मी उरलेलं अर्धं खाल्लं.

त्यानंतर त्या दर शनिवारी आल्या.

आता इथं मला एक गोष्ट लिहावीच लागेल. माझ्या कपाटातला बोकडाचा जबडा शोभा मॅडमनीच आणून दिला होता. नव्यानं बदलून आल्या तेव्हा मी म्हटलं होतं, शाकाहारी प्राण्याचा जबडा मिळत नाही हो कुठं. त्यांनी घरी मटण झालं त्या आठवड्यात जबडा उकडून, घासून, उन्हात वाळवून आणला. मी आनंदानं घेतला. त्याच महिन्यात एक दिवस, दुपारी एकच्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत सगळे जेवायला बसलो होतो आणि शोभा मॅडमनी सुकटाची चटणी उघडली. मी नुसता माझा डबा उचलला आणि खिडकीत जाऊन उभ्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शोभा मॅडम पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर जाऊन जेवल्या. त्यानंतर रोज. अकरा वर्षं. त्या बौद्ध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. वासाचं ते निमित्त होतं का? मी स्वतःला सांगत आले की वासच होता. माडीवर भिंतीकडे तोंड करून जेवताना स्वतःशी खोटं बोलायचा कंटाळा येतो. नुसता वास नव्हता.

चौथ्या की पाचव्या शनिवारी मी हे त्यांना बोलून दाखवलं. "शोभा मॅडम, त्या दिवशी मी डबा उचलला होता. चुकलं माझं."

त्या पोळीचा तुकडा मोडत होत्या. मोडतच राहिल्या. "अकरा वर्षं झाली मॅडम. तुम्हाला आत्ता आठवून राहिलं. मला रोज एक वाजता आठवायचं."

मी अंड्याची कवचं गोळा केली. शेवटी म्हणाले, "मी शाळेत आले की तुमच्याबरोबर ओट्यावर बसीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "आधी बऱ्या व्हा," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

लाल धागा

दुसरा महिना संपला, थुंकीची तपासणी झाली आणि ती स्वच्छ आली. वजन बेचाळीस. अंड्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, दूध होतं, मिरपूड होती, शनिवार होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आता घरच्यांबरोबर जेवा. गोळ्या मात्र चार महिने चालू, आणि खाणं सोडू नका."

मी ताट घेऊन खाली उतरले. अव्वा चुलीपुढं होत्या, हे जेवायला बसले होते. गॅस आहे, पण भाकरी त्या चुलीवरच करतात.

"अव्वा, रोग पसरत नाही आता. डॉक्टरांनी सांगितलं."

"ऐकलं गं. काशिनाथ बोलला." त्या भाकरी थापत राहिल्या. "देवानं ऐकलं. पण विमल, अंडं चालू हाय का?"

"चार महिने खायला सांगितलंय."

"मग चार महिने वरच बस. मी रागं न्हाई भरून राहिले. माझ्यानं न्हाई होत."

मी यांच्याकडे पाहिलं. मुदखेडहून खोक्यातून अंडी आणणारा माणूस, पण आईसमोर यांनी पुन्हा कॅलेंडरच शोधलं. दोन महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा दिवस. मला वाटलं होतं ताट रोगामुळे वर गेलंय. धागा तोच, कारण मात्र दुसरं निघालं. एका क्षणाला तोंडावर आलं होतं, जाऊ दे, सोडते अंडं. मग काट्यावरचे अडतीस किलो आठवले आणि मी ताट घेऊन परत माडी चढले.

थोड्या वेळानं पाचव्या पायरीवर अव्वांचा आवाज आला. भाकरी ठेवून त्या गेल्या नव्हत्या.

"आमच्याकडं एक गाय होती, कपिली. दुष्काळात हाड चघळायची. शिवा शिवा, गाय आन् हाड! बाप म्हणायचा, तिच्या अंगात कायतरी कमी पडलंय, मारू नका तिला. पाऊसपाणी झालं, हिरवा चारा आला, सोडलं तिनं."

"माहीत आहे अव्वा, अंगातला खनिजाचा..."

"मला शिकवू नगंस. तू बी सोडशील. तवर खा."

इतकं बोलून त्या एकेक पायरी धरत उतरल्या. कपिलीला गोठ्यातून बाहेर काढली होती का, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी भाकरी उचलून आत आणली.

एक वाजता

तिसऱ्या महिन्यात शाळेत रुजू झाले. डब्यात भाकरी, मेथीची भाजी आणि मीच माडीवर उकडलेलं एक अंडं, वर रुमाल बांधून. पोरं दाराशी घोळका करून उभी. "म्याडम, लई वाळलाव!" सकाळचे तास कसे गेले कळलं नाही. एकची घंटा झाली तशी मी शिक्षकांच्या खोलीकडे न बघता डबा घेऊन थेट पाण्याच्या टाकीकडे गेले.

ओटा रिकामा होता. वर पाला साचलेला, एक कुत्रं अंग टाकून झोपलेलं. तिथं बरेच दिवस कुणी बसलेलं दिसत नव्हतं. शोभा मॅडमचा तास लांबला असेल म्हणून मी उभी राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग शिक्षकांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, आणि तो मला ओळखीचा होता. शिट्ट्यांवर हसताना ऐकलेला तोच.

दारात जाऊन पाहिलं. टेबलाभोवती पाच जण, त्यांत शोभा मॅडम. मधोमध सुकटाच्या चटणीची डबी उघडी. शेजारी गणिताचे सर, गळ्यात तुळशीची माळ, निवांत पिठलं खात होते. कुणालाही त्या डबीचा काही त्रास होत नव्हता. अकरा वर्षं मी धरून चालले होते की शोभा मॅडम आमच्या सगळ्यांमुळे बाहेर बसतात.

मला पाहून सगळ्यांचे हात थांबले.

"मॅडम, उन्हात काय करून राहिल्या तिकडं?" शोभा मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला शोधत होते. ओट्यावर."

शोभा मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "तुम्ही रजेवर गेल्या त्याच आठवड्यात या सरांनी आत बोलवलं. जिन्यात बसून तुम्हाला हे सांगवलं न्हाई."

मी दारात तशीच. आत गेले तर कुणी डबा उचलून खिडकीत जाईल का, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. रोगामुळे असो की कशामुळे.

शोभा मॅडमनी शेजारच्या खुर्चीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. "बसा."

मी बसले. रुमालाची गाठ सोडवता सोडवेना, त्यांनीच सोडली. अंडं बाहेर काढलं, मधोमध चिरलं, पिवळा बलक नीट बघितला.

"जमलं," त्या म्हणाल्या आणि अर्धं अंडं स्वतःच्या तोंडात टाकलं.

मग त्यांनी सुकटाची डबी उचलली आणि माझ्यापासून लांब, टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. सवयीनं. मी उठले, हात लांबवून ती डबी घेतली आणि परत मध्ये ठेवली. चटणी मी खाल्ली नाही. भाकरी मोडली आणि जेवायला लागले.